गोरखभाऊंचं यंत्र आणि कस्तुराबाईंचं फूल

निवृत्त झालेल्या माणसाला आमच्याकडे फार दिवस मोकळं सोडत नाहीत. दळण, विजेचं बिल, नातवंडांची शाळा, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका, असं काही ना काही त्याच्या गळ्यात पडतंच. मावळातल्या बेडशाचे गोरखभाऊ शेलार रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोने, नंदाबाईंनी, त्यांच्यासाठी एक म्हैस हेरून ठेवली होती. पण म्हैस यायच्या आत यंत्र आलं.

यंत्राची हकिकत अशी. लोणावळ्याच्या बाजारात बद्रुद्दीनभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही आणि रेडिओ गोरखभाऊ आणि मी सोडून कुणी ऐकत नाही, त्यामुळे बद्रुद्दीनभाईंचं सगळं मिक्सर आणि गिझरवर चालतं. खंडाळ्याच्या एका बंगल्यातून त्यांच्याकडे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आलं होतं. बंगल्यातल्या मुलाच्या वाढदिवसाला 'खजिना शोधा' असा खेळ ठेवला होता. खेळ झाला, केक झाला, यंत्र रात्रभर बागेत भिजलं. मालकाने ते दुरुस्तीला टाकलं आणि विसरून गेला. तीन वर्षं ते दुकानाच्या कोपऱ्यात लोकांच्या छत्र्यांबरोबर उभं होतं.

"चार वेळा फोन केला," बद्रुद्दीनभाई सांगतात, "चौथ्या वेळी मालक म्हणाला, कोण बद्रुद्दीन?"

मग त्यांनी ते दुरुस्त केलं आणि मालक परत आला तर द्यायचं, या बोलीवर गोरखभाऊंच्या हातात ठेवलं. मालक अजून आलेला नाही.

यंत्र म्हणजे एक लांब दांडा. खालच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती, वर काट्याची पेटी आणि कानाला लावायचे हेडफोन. अंगण झाडावं तशी चकती जमिनीवरून फिरवायची. खाली धातू असला की कानात आवाज होतो. डोक्याला मफलर, मफलरवर हेडफोन, अंगात रेल्वेचा जुना निळा कोट अशा थाटात गोरखभाऊ पहिल्यांदा खाचरात उतरले, तेव्हा नंदाबाई बांधावर उभ्या होत्या. "समदी मानसं रिटायर झाली की वर बघत्यात, देवाकडं," त्या म्हणाल्या. "आमचं येडं खाली बघतंय."

हा उद्योग चालतो फक्त थंडीत. पावसाळ्यात खाचरात गुडघाभर चिखल आणि त्यावर भात. उन्हाळ्यात जमीन तडकून दगड होते आणि भाताच्या रोपासाठी राब भाजायची गडबड सुरू होते. दिवाळीनंतर भात कापून नेलं की खाचरं मोकळी होतात, पोटात थोडी ओल असते, आणि ओल असेपर्यंत यंत्राला खोलवरचं ऐकू येतं. त्यामुळे मार्गशीर्ष लागला की गोरखभाऊंचा हंगाम सुरू. सकाळी दहिवर ओसरायच्या आत ते बाहेर पडतात. मावळची लाल माती अंगानेच थोडी लोखंडी असल्यामुळे यंत्र विनाकारण कुरकुरतं, आणि नवखा माणूस दर पावलाला खणत बसतो. गोरखभाऊंना ती कुरकुर आणि खरा आवाज यातला फरक पहिल्या दिवशीच कळला. याचं कारण त्यांची नोकरी.

गोरखभाऊ एकतीस वर्षं घाटात कीमन होते. रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात, त्या रोज पायी फिरून तपासायच्या, ढिली झालेली ठोकून बसवायची. हातोडी मारली की घट्ट चावी एक बोलते आणि ढिली चावी दुसरंच काही बोलते. एकतीस वर्षं हा माणूस लोखंडाचं बोलणं ऐकत चालला. शेवटी तर म्हणे लोखंड काय म्हणतंय ते कळायचं, बायको काय म्हणते ते कळायचं नाही. हे अर्थात नंदाबाईंचं मत.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी बेडशाच्या पोटातून जे काढलं त्याने एक गोणी भरली. बैलांच्या खुरांच्या पत्र्या, पॉवर टिलरच्या पिना, विळ्यांची मोडकी पाती, दहा पैशांची हलकी नाणी, आणि रस्त्याकडेच्या खाचरांतून पर्यटकांच्या बाटल्यांची झाकणं. झाकणांचा आवाज सोन्याच्या फार जवळचा असतो, हे त्यांचं मोठं दुःख आहे. पण अधूनमधून खरंही काही निघायचं. भाताच्या आवणीला बाया दिवसदिवस वाकून चिखलात रोप लावतात. त्या चिखलात कुणाचं जोडवं गळतं, कुणाचा मणी जातो. आखाडात हरवलेलं गोरखभाऊ पौषात काढून देऊ लागले, तशी त्यांना बोलावणी यायला लागली. ते जायचे, पण एका अटीवर. यंत्र मी फिरवणार, जागा मी दाखवणार, खणायचं मात्र मालकाने. जमिनीत हात घालणार नाही.

एकदा पुण्याहून गाडी घेऊन दोघेजण आले होते. मोबाइलवर कसलासा नकाशा, तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला कुठेतरी खूण. जे निघेल त्यातलं निम्मं तुमचं, म्हणाले.

"किल्ल्यावर आन लेण्यापाशी यंत्र न्यायला बंदी हाय," गोरखभाऊ म्हणाले. "आन दुसरीकडं कुटं असलं काय गावलं तर कलेक्टरला कळवाया लागतं."

"काका, तिथे कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

पाहुणे चहा पिऊन गेले.

आता लोक याला गोरखभाऊंचा छंद म्हणतात, आणि तो छंद आहेही. पण तो लागला कशामुळे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. गोरखभाऊंना एक सोन्याचं फूल शोधायचं होतं. ते सापडलं नाही तर त्यांच्या बायकोला लोक जन्मभर चोर समजणार होते.

ते फूल कस्तुराबाईंचं. गोरखभाऊंचे थोरले चुलतभाऊ दत्तोबा, त्यांच्या या पत्नी. म्हणजे नंदाबाईंची चुलत जाऊ. दोन्ही घरांची खाचरं बांधाला बांध लागून आहेत आणि आवणी सावडीने व्हायची. आज तुमच्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तुम्ही. नऊ वर्षांमागे कस्तुराबाईंच्या आवणीच्या दिवशी, दुपारी भाकरी खायला सगळ्या बांधावर बसल्या असताना कस्तुराबाईंनी कानाला हात लावला, तर उजव्या कानातलं फूल नाही. आईने आपल्या पाटल्या मोडून लेकीला केलेली फुलं होती ती. फिरकी ढिली झाली असणार. संध्याकाळपर्यंत पंधरा बाया चिखल चाचपत होत्या. चिखलात तासाभरापूर्वी स्वतःचा पाय कुठे होता ते सापडत नाही, तिथे फूल काय सापडणार?

त्या दिवशी कुणी कुणाला काही म्हटलं नाही. घोटाळा दिवाळीला झाला, आणि तो गोरखभाऊंनी केला. त्या वर्षी बोनस हातात आल्यावर त्यांनी तळेगावच्या सोनाराकडून नंदाबाईंसाठी सोन्याच्या कुड्या आणल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि न सांगता बायकोसाठी काही आणायची ही पहिलीच वेळ. पाडव्याला नंदाबाई कुड्या घालून बाहेर आल्या. कस्तुराबाईंनी त्या बघितल्या, "झाक हायेत," म्हणाल्या, आणि घरी जाऊन हिशोब मांडला. फूल गेलं आखाडात, कुड्या आल्या दिवाळीत, सोनं आटवायला मधले दिवस पुरेसे. शिवाय त्या दिवशी आवणीच्या ओळीत त्यांच्या शेजारी कोण होतं? नंदा. कानामागे चिकटलेलं गवत कुणी काढलं? नंदाने.

"मी नाव न्हाई घेत कुनाचं," असं त्यांनी गावातल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं.

गोरखभाऊंनी सोनाराची पावती दाखवली. "पावती काय, कुनीबी लिवून देतं," कस्तुराबाई म्हणाल्या. नंदाबाईंनी कुड्या काढून ट्रंकेत टाकल्या. सावड मोडली. आणि कस्तुराबाईंनी राहिलेलं एक फूल डाव्या कानात तसंच ठेवलं आणि उजव्या कानात, भोक बुजू नये म्हणून, कडुनिंबाची काडी घातली. नऊ वर्षं. लग्न असो, बारसं असो, एका कानात फूल आणि एका कानात काडी. कोर्टातसुद्धा पुरावा तारखेपुरता दाखवतात, कस्तुराबाईंनी तो अंगावर वागवला. समोर नंदाबाई आल्या की त्या उजवा कान जरा पुढे करायच्या.

नंदाबाई यावर एक शब्द बोलत नसत. हळदीकुंकवाला जायचं त्यांनी बंद केलं. गोरखभाऊंना मात्र ते लागून राहिलं. "मी कुड्या आनल्या नसत्या तर हे झालंच नसतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एवढ्या वेळा ऐकलंय की आता ते सुरू झाल्यावर बद्रुद्दीनभाई चहा सांगतात.

तर यंत्र आल्यावर गोरखभाऊ पहिल्यांदा गेले ते दत्तोबांकडे. दत्तोबा फार कमी बोलतात. "फिरव," म्हणाले. कस्तुराबाईंनी हरकत घेतली नाही, पण गोरखभाऊ खाचरात उतरले की त्या शाल घेऊन बांधावर येऊन बसायच्या. न जाणो, दिराने खिशातून काही काढून मातीत दाबलं आणि 'गावलं' म्हणाला तर? त्यामुळे पाच हिवाळे असं दृश्य होतं, की खाली गोरखभाऊ दोऱ्या आखून तसूतसू जमीन ऐकतायत आणि वर कस्तुराबाई पहारा देतायत.

"भावजी, काय गावलं?"

"पत्री."

"बैलाची?"

"व्हय."

"आमच्या ढवळ्याची दिसती. ठेवा हितं."

गोरखभाऊ पत्री त्यांच्या पायाशी ठेवायचे. पाच हिवाळ्यांत कस्तुराबाईंना त्यांच्या बैलांची सात-आठ पायांची तरी पादत्राणं परत मिळाली. फूल मिळालं नाही.

गोरखभाऊंचा तर्क बिनतोड होता. खाचराला चारी बाजूंनी बांध. चिखलात पडलेली वस्तू चिखलणीने त्याच खाचरात इकडची तिकडे होईल, बांध ओलांडणार नाही. म्हणजे फूल कस्तुराबाईंच्या खाचरात असलंच पाहिजे. त्या दिवशी ज्यात आवणी चालली होती ते खाचर त्यांनी तीनदा ऐकलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. सात खाचरं झाली. मी एकदा सहज विचारलं, "तुमच्या स्वतःच्या खाचरात बघितलंत का?"

गोरखभाऊ माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं आता आपलं येणंजाणं संपलं. "आमच्यात कशाला आसंल?" ते म्हणाले.

मला तेव्हा समजलं नाही. नंतर समजलं. नवऱ्याने आपल्या खाचरात ते फूल शोधायचं, म्हणजे बायकोने ते तिथे आणलं असेल असं धरून चालायचं. सगळ्या गावात यंत्राचा आवाज झाला होता, फक्त गोरखभाऊंच्या तीन खाचरांत झाला नव्हता.

यंदा नंदाबाईंचा नवा विळा हरवला. भात कापताना बांधाकडेला ठेवला आणि पेंढ्यात कुठेतरी गेला. "जगाचं हुडकताय," त्या म्हणाल्या, "माजा इळा तेवडा हुडका." विळ्यावर कुणाचा संशय नव्हता. पौषात गोरखभाऊ यंत्र घेऊन स्वतःच्या खाचरात उतरले.

लोखंडाचा आवाज खरबरीत असतो, दातात खडा आल्यासारखा. तसे दोन-तीन आवाज त्यांनी ऐकले, एक पिन निघाली, एक पत्र्याचा तुकडा निघाला. मग ते कोपऱ्यात गेले. खाचराच्या कोपऱ्यात टिलर वळत नाही, तिथे कुदळीनेच काय ते खणायचं, त्यामुळे तिथली माती फारशी हलत नाही. तिथे चकती फिरली आणि कानात एक गोल, गुळगुळीत आवाज आला. त्यांनी चकती परत फिरवली. परत तोच. झाकण असेल म्हणून वाकडी धरून ऐकलं. झाकण नव्हतं.

गोरखभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून त्या जागेवर ठेवली आणि खाली बसले.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. कोपऱ्याच्या पलीकडे बांध, आणि बांधाच्या पलीकडे कस्तुराबाईंचं खाचर. एका ढांगेचं अंतर. आज पहाऱ्यावर कुणी नव्हतं, कारण हे खाचर गोरखभाऊंचं स्वतःचं. हे खणून काढायचं, पलीकडे वीतभर खोल दाबायचं, आणि आठ दिवसांनी कस्तुराबाईंच्या डोळ्यांदेखत शोधून द्यायचं. सगळं सुरळीत झालं असतं. आपल्याच खाचरात मिळालं असं सांगितलं तर मात्र गाव म्हणणार, बघा, पुरून ठेवलं होतं. पाच वर्षं खपून त्यांनी बायकोवरच्या आरोपाला पुरावा शोधून काढला होता.

"खुरपं काढलं हुतं मी पिशवीतनं," ते म्हणाले.

"मग?"

"ठेवलं परत. एकतीस वर्सं डायरी लिवली. न बघितलेल्या चावीम्होरं बराबरची खूण केली न्हाई कदी."

त्यांनी नंदाबाईंना हाक मारली. त्या आल्या, टोपीकडे बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"असं काय बघताय? मी न्हाई पुरलं."

"मी कुटं काय म्हनलं?"

"म्हनायच्या आत सांगितलं."

शेवटी नंदाबाईच म्हणाल्या, "आक्काला बोलवा."

"ती काय म्हनंल ठाव हाय ना?"

"म्हनंल ते म्हनंल. नऊ वर्सं म्हनतीच हाय. पर तुमी हात लावू नगा, आन मीबी न्हाई लावनार. तिचं तिनं काढायचं."

गोरखभाऊंनी आधी लोणावळ्याला फोन केला. मोठ्या दुखण्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतात, तसं त्यांना बद्रुद्दीनभाईंचं मत हवं होतं. मी दुकानातच होतो, त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. आम्ही पोहोचेपर्यंत नवराबायको त्या टोपीच्या दोन बाजूंना बसून होते, जागचे हलले नव्हते. बद्रुद्दीनभाईंनी हेडफोन लावले, डोळे मिटले, दोनदा चकती फिरवली.

"सोनं की पितळ, ते यंत्र सांगत नाही," ते म्हणाले. "पण लोखंड नाही, आणि आहे लहान. आता बोलवा भाभींना."

दत्तोबांना घेऊन कस्तुराबाई आल्या. बांधावर उभ्या राहिल्या, खाचर बघितलं, टोपी बघितली.

"कुनाच्या खाचरात गावलं म्हनायचं?"

"आमच्या," गोरखभाऊ म्हणाले.

"हां," कस्तुराबाई म्हणाल्या.

त्या 'हां'वर नंदाबाई उठून उभ्या राहिल्या. "आक्का, आदी खना. मग बोला."

कस्तुराबाई खाली उतरल्या. टोपी बाजूला केली, पदर खोचला आणि नंदाबाईंनी पुढे केलेलं खुरपं न घेता स्वतःचं घेऊन खणायला लागल्या. मुळं निघाली, ढेकूळ निघालं. वीतभर खाली एक चिंधी लागली. हिरवी, नायलॉनची, मातीने भरलेली. त्यांनी ती ओढली. चिंधीला गाठ होती, आणि गाठीत दांडी अडकून फूल लोंबत होतं.

कस्तुराबाईंनी ते पदराने पुसलं. नऊ वर्षांनी सोनं जसं असतं तसंच होतं. त्यांचं आता काहीतरी बोलणं येणार म्हणून आम्ही सगळे उभे होतो. पण त्या फुलाकडे बघत नव्हत्या. चिंधीकडे बघत होत्या.

"ही माज्या हिरव्या साडीची," त्या म्हणाल्या.

कुणालाच काही उमगेना. बोलले ते दत्तोबा. "रोपाच्या जुड्या बांदायला फाडली हुतीस ती?"

आता गोरखभाऊंना आठवलं. त्या वर्षी त्यांचं रोप खेकड्यांनी खाल्लं होतं. कस्तुराबाईंची आवणी झाल्यावर त्यांच्या रोपाच्या जुड्या उरल्या, त्या त्यांनी त्याच संध्याकाळी गोरखभाऊंना देऊन टाकल्या. बाकी सगळे जुड्या पेंढ्याने बांधतात. कस्तुराबाई जुनी साडी फाडून बांधतात, कारण ती सुटत नाही. सकाळी वाकून रोप उपटताना फूल मुठीत पडलं, त्यांनी आपल्या हाताने ते रोपाबरोबर करकचून बांधलं, आणि संध्याकाळी आपल्याच हाताने देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी नंदाबाईंनी गाठ न सोडताच जुडीतलं रोप ओढून घेतलं आणि चिंधी कोपऱ्यात चिखलात दाबली. आवणीत चिंध्यांचं दुसरं काही करत नाहीत.

"बत्तीस जुड्या," गोरखभाऊ म्हणाले. "मीच वाहिल्या. दोन खेपा, सोळा-सोळा."

"म्हंजे तूच बांदून दिलंस," दत्तोबा बायकोला म्हणाले.

"तुमी गप बसा." कस्तुराबाई नंदाबाईंकडे वळल्या. "सोडताना दिसलं न्हाई व्हय गं तुला?"

"चिकलात हात, वरनं पाऊस. दिसलं आसतं तर दिलं नसतं का?"

"आन नऊ वर्सं त्वांड शिवल्यागत बसलीस. येक डाव भांडायचं तरी."

"कशाला भांडू? तुमाला माज्या कानातल्या कुड्याच दिसत हुत्या."

"मग कुड्या झाक हुत्या," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्या तवाच म्हनलं हुतं, झाक हायेत."

"म्हनलं हुतं. आन पुडं काय काय म्हनलं हुतं?"

आणि मग त्या दोघी भांडल्या. खाचराच्या मधोमध उभ्या राहून, हातवारे करत, खेकड्यांपासून ते कुणाच्या तरी लग्नातल्या आहेरापर्यंत सगळं काढून, अर्धा तास. नऊ वर्षांचं साचलेलं होतं. बद्रुद्दीनभाई मधे पडायला निघाले तर गोरखभाऊंनी त्यांचा हात धरला. "चालू द्या," म्हणाले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

दम लागल्यावर भांडण थांबलं. कस्तुराबाई फूल पदराला बांधून निघाल्या. माफीचा शब्द काही आला नव्हता. गोरखभाऊंनी धीर करून म्हटलं, "वहिनी, पर गावात समद्यांना..."

"गावाचं मी बगते," त्या वळून न बघता म्हणाल्या.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. नंदाबाईंना बोलावणं आलं. त्या जायला तयार नव्हत्या, मग गेल्या. काय होतंय या काळजीने गोरखभाऊ मागोमाग गेले, आणि मी यंत्राची बॅटरी द्यायला आलो होतो तो त्यांच्याबरोबर. आम्हाला आत प्रवेश नव्हता. ओसरीवर दत्तोबांच्या शेजारी बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं, कारण कस्तुराबाईंना हळू बोलता येत नाही.

"नंदीचं रोप खेकड्यांनी खाल्लं," त्या सांगत होत्या. "म्हनलं, जाऊच हाय आपली. पन्नास जुड्या दिल्या. आन नुस्त्या न्हाई, सोनं बांदून दिल्या. रोपासंगं सोनं देनारी दुसरी बाई दावा मला मावळात."

बायका हसल्या. मग झुंबरबाईंचा आवाज आला. या गावातल्या सर्वांत वयस्क, आणि कुणाची भीड न धरणाऱ्या. "आन मग चोर चोर कोन म्हनत हुतं गं?"

बांगड्यासुद्धा वाजेनात. गोरखभाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता, तो घट्ट झाला.

"मी," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्याच म्हनत हुते. खोटं हुतं ते. नंदीनं काय घेतलं न्हवतं." आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पर पन्नास जुड्या दिल्या, ते खरं हाय. इचारा तिलाच."

सगळ्यांनी नंदाबाईंकडे बघितलं असणार.

"व्हय," नंदाबाईंचा आवाज आला. "पन्नास हुत्या."

गोरखभाऊ ओसरीवरून अर्धे उठले. "बत्तीस," ते पुटपुटले. दत्तोबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बस रं," म्हणाले. "आत जाऊन सांगू नगंस."

थोड्या वेळाने नंदाबाई बाहेर आल्या. कपाळाला कुंकू, ओटीत हरभऱ्याचे घाटे आणि बोरं, हातात वाणाची प्लास्टिकची डबी. डबी त्यांनी गोरखभाऊंच्या हातात दिली. आम्ही तिघं रस्त्याला लागलो.

"पन्नास कशा गं?" गोरखभाऊंनी विचारलं.

"चला तुमी. उद्या आक्काच्या मसुराची खुरपनी हाय, लवकर उटायचंय."

"बत्तीस हुत्या."

"ठाव हाय मला," नंदाबाई म्हणाल्या, आणि आमच्या पुढे चालायला लागल्या.